इमूनं का नाही गायलं

"मी गाणार नाही," इमू म्हणाला. गिटारचा पट्टा गळ्यातून काढून त्यानं ती गादीवर आडवी ठेवली. "गाणं मी दिलं. ते अभिरामनं गायचं. विषय संपला."

"संपला कसा?" अभिराम म्हणाला. "मीच म्हणतोय ना, तू गा म्हणून? या बँडचा गायक मी आहे. राग आला तर मला यायला पाहिजे. तू कशाला तोंड फिरवतोस?"

"मला राग नाही आला."

"मग?"

"मग काही नाही. मी गाणार नाही."

ड्रमच्या मागं बसलेल्या झुबेरनं दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी खांदे उडवले. इमू जिना उतरून निघून गेला. खाली पिंजणयंत्राचा आवाज चालू होता, त्यात त्याची पावलं ऐकूही आली नाहीत.

ही गोष्ट अहमदनगरची, आम्ही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची. झुबेरच्या वडिलांचा कापडबाजारामागं गादी कारखाना होता. त्याच्या माळ्यावर तयार गाद्या, लोड, रजयांचे ढीग असायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत आमचा बँड. नाव 'भुईकोट'. त्या माळ्यावर आवाज अजिबात घुमायचा नाही. कापूस सगळा आवाज पिऊन टाकायचा. गाणारा माणूस तुमच्या कानाशी बसून बोलतोय असं वाटायचं. घरी गेल्यावर आई माझ्या केसांतला कापूस वेचायची आणि म्हणायची, "विदुला, तू नेमकी गायला जातेस की पिंजायला?" मी गायला जात नव्हते. मी कीबोर्ड वाजवायचे. आजोबांच्या भजनी मंडळातली पेटी वाजवत वाजवत मी तिथवर पोचले होते.

अभिराम राशिनकर आमचा गायक. उंच, देखणा, युवक महोत्सवात बक्षिसं मिळवलेला. आवाज असा की वरच्या सुरावर गेला की खाली पिंजणारे कामगार हात थांबवायचे. आणि इमू, म्हणजे इमॅन्युएल भिंगारदिवे, बेस वाजवायचा आणि गाणी लिहायचा. त्याची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. वडील घरात नव्हते, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो कमी बोलायचा आणि गाणं शिकवताना गुणगुणून दाखवायचा, तेही मान खाली घालून, अर्धं ओठांतल्या ओठांत.

त्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचा निरोप आला होता. नव्या मुलांच्या मराठी बँडची एक कॅसेट काढायची, प्रत्येक बँडचं एक गाणं. आम्ही निवडले गेलो होतो. परीक्षा झाली की आम्ही चार दिशांना पांगणार हे चौघांनाही दिसत होतं, त्यामुळं भुईकोटचं म्हणून जे काही मागं उरणार ते हे एक गाणं. इमूनं त्यासाठी नवं गाणं आणलं. संथ, दोनच कडव्यांचं. पालुपद असं:

*दिवे गेले गल्लीतले, अजून जागा आहे,
तू ये कधीही, अजून जागा आहे.*

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झुबेर हसला होता. "काय राव इमू! जीपवाल्यासारखं वाटतंय. 'अजून जागा आहे, सरका पुढं!'"

इमूही हसला. पण चाल नीट कळावी म्हणून त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच गाणं पूर्ण आवाजात म्हटलं. जाड, थोडा खरखरीत आवाज. सूर दोन ठिकाणी हलला. ड्रम दुसऱ्या कडव्याला सुरू व्हायचे होते, ते झालेच नाहीत. झुबेर विसरला. मी कीबोर्डवर नुसता हात ठेवून बसले होते. मग अभिराम गायला. तो उत्तमच गायला. जिथं इमूचा सूर हलला होता तिथं याचा दिव्याच्या ज्योतीसारखा सरळ राहिला. गाणं संपलं, झुबेरनं टाळ्या वाजवल्या, आणि अभिराम स्वतःच म्हणाला, "नाही. काहीतरी राहतंय. हे गाताना मी कुणाशी बोलतोय तेच मला कळत नाही. इमू, हे तू गा."

आणि तिथून सगळं सुरू झालं.

हा वाद अजून मिटलेला नाही. गेल्या वर्षी झुबेरच्या मुलीनं इमूला विचारून ते दोन्ही आवाज इंटरनेटवर टाकले. कॅसेटवरचा अभिरामचा, आणि माळ्यावर टेपरेकॉर्डरमध्ये भरलेला इमूचा. खाली लोकांनी वाद घातलाय. कुणी म्हणतं, कॅसेटवालाच खरा, दुसऱ्याला सूरसुद्धा धरता येत नाही. कुणी म्हणतं, बेसवाल्यानंच गायला हवं होतं, कंपनीनं देखणा चेहरा पुढं केला असणार. अभिरामनं इमूला गाऊ दिलं नाही, असंही एकानं ठामपणे लिहिलंय. झुबेरची मुलगी मला फोन करून विचारत होती, "मावशी, खरं काय झालं होतं?" तिला मी सांगितलं ते हे.

इमू निघून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत आला, जणू काही घडलंच नाही. मला मात्र चैन नव्हतं. मला लहानपणापासून ही खोड. बंद डबा दिसला की झाकण उघडून बघायचंच. मी म्हटलं, "इमू, एक काम करू. तुझाही आवाज टेपवर भरू, अभिरामचाही. नावं न सांगता लोकांना ऐकवू. लोक काय म्हणतात ते तरी बघू."

इमूनं बराच वेळ तारेवर बोट घासलं. "लोक काहीही म्हटले तरी मी गाणार नाही," तो म्हणाला. "पण भरायचं तर भरा."

त्यानं माळ्यावर, गाद्यांकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ फिरवून ते गाणं म्हटलं. अभिरामनं नेहमीसारखं, छाती पुढं काढून.

मग आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन फिरलो. खालचे कामगार, झुबेरचे अब्बा, माळीवाड्यातली माझी आत्या, कॉलेजच्या कँटीनमधली मंडळी, रजई बघायला आलेलं एक नवरा-नवरीचं जोडपं. मजा अशी की बहुतेकांनी अभिरामलाच पसंती दिली. "पहिला आवाज कसला गोड आहे!" "रेडिओवर लागेल बघा हा." पण दुसरा आवाज ऐकला की लोक गाण्याबद्दल बोलतच नव्हते. आत्यानं विचारलं, "हा कोण गं? काय झालंय त्याला?" कँटीनमधला एक जण म्हणाला, "याची तब्येत बरी आहे ना?" अब्बांनी तर टेप बंद करायला लावली. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "ये लडका किसको बुला रहा है?"

"पोरीला बोलवत असेल, अब्बा. प्रेमगीत आहे," झुबेर म्हणाला.

अब्बांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मी हे सगळं अभिरामला सांगितलं. तो कारखान्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाल्यावरही तो वाकलेलाच राहिला.

"म्हणजे मला ऐकलं की लोकांना मी आठवतो," तो म्हणाला, "आणि त्याला ऐकलं की दुसरंच कुणीतरी."

"असंच काहीतरी."

"विदू, तो का गात नाही ते शोधून काढ. मला सांगणार नाही तो. त्याला वाटतं मला वाईट वाटेल."

"तुला वाईट वाटणार नाही?"

"वाटेल," अभिराम म्हणाला. "पण गाणं वाया जाण्यापेक्षा बरं."

मला काही शोधावं लागलंच नाही. दोनच दिवसांनी दुपारी इमू चहा आणायला खाली गेला होता. अभिराम अजून यायचा होता. मी आणि झुबेर माळ्यावर टेप ऐकत होतो. झुबेरला इमूच्या लयीत कुठं थांबायचं ते समजून घ्यायचं होतं, म्हणून तो तेच कडवं पुन्हा पुन्हा लावत होता. जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं चहा आला. बघते तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लिडियामावशी, इमूची आई. पांढरी साडी, हातात किल्ली. त्यांना मी एकदोनदाच भेटले होते, तेही दवाखान्याच्या फाटकाशी. इथं त्या कधीच आल्या नव्हत्या.

"मावशी, या ना," मी उठले. "इमू आत्ता येईल, चहा आणायला गेलाय."

त्या आत आल्या नाहीत. एक हात कठड्यावर ठेवून उभ्याच राहिल्या. नजर टेपरेकॉर्डरवर.

"हे यांचं कुठं मिळालं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?" झुबेर म्हणाला.

"यांचं." मावशींचा आवाज अगदी साधा होता. किराणा दुकानात भाव विचारावा तसा. "यांनी कधी भरून घेतलं हे? मला माहीतसुद्धा नाही."

झुबेरनं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. टेप चालूच होती. मावशी दोन पावलं पुढं आल्या आणि एका लोडावर टेकल्या.

"मागं घ्या जरा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून लावा."

झुबेरनं टेप मागं घेतली. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. किल्ली मुठीत होती. पहिलं कडवं झालं. मग पालुपद आलं. *दिवे गेले गल्लीतले, अजून जागा आहे.* मावशींनी डोळे उघडले. पुन्हा तीच ओळ आली, तेव्हा त्या टेपरेकॉर्डरकडं झुकल्या, आत कुणी बसलंय आणि त्याचा चेहरा बघायचाय अशा.

"हे ते नव्हेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा कान दिला.

"जागा आहे म्हणतोय. ते कुणासाठी जागे राहिले कधी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हा इमू आहे. हो ना? माझा इमू गातोय हा."

मी मान हलवली आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जागा. आम्ही तिघं इतके दिवस ते गाणं वाजवत होतो, झुबेरनं जीपवाल्याची थट्टा केली होती, अभिराम ते प्रेयसीला म्हणत होता: ये, माझ्याजवळ अजून जागा आहे. आणि इमू म्हणत होता: मी अजून जागा आहे. झोपलो नाही. तू ये.

"गळा आहे त्याला," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "मला वाटलं गेला. लहानपणी चर्चमध्ये हा गायला लागला की लोक मागं वळून बघायचे. मग आवाज फुटला आणि हा गायचाच थांबला. आता उपासनेत नुसते ओठ हलवतो. मी म्हटलं, बापाचं काहीच नाही आलं पोराकडं, एक गळा आला होता, तोही देवानं परत घेतला."

तेवढ्यात इमू आला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात एकात एक घातलेले ग्लास. आईला बघून तो जिन्याच्या तोंडाशीच थांबला. टेप अजून चालू होती. झुबेर बंद करायला वाकला तर मावशींनी हातानंच नको म्हटलं. इमू आपलाच आवाज ऐकत किटली धरून उभा. शेवटची ओळ झाली, मग टेपची नुसती खरखर.

"का रे?" मावशी म्हणाल्या.

"काय का?"

"घरात का गात नाहीस?"

इमूनं किटली खाली ठेवली. ग्लास एकेक करून सोडवायला लागला. ते एकमेकांत घट्ट अडकले होते.

"दहावीत होतो," तो म्हणाला. बोलताना आईकडं बघत नव्हता. "मागच्या दारी नळाखाली अंघोळ करत होतो. गात होतो. तू आतून पळत आलीस. हाताला कणीक होती. आणि तू म्हणालीस, 'आलात?'"

मावशींनी किल्ली मांडीवर ठेवली.

"मला कोण अहो-जाहो करतं, आई? तू मला बघितलंस, आणि तुझं तोंड..." त्याला एक ग्लास सुटला. "मग तू 'साबण घेतलास का' असं काहीतरी विचारलंस आणि आत गेलीस. मी परत नाही गायलो."

"मी म्हटलं असं?"

"म्हणालीस."

"मला आठवत नाही," मावशी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आठवतंय."

झुबेर उठला आणि खाली जातो अशी खूण करून जिन्याकडं निघाला, पण इमू जिन्यातच उभा होता, त्यामुळं तो परत येऊन बसला. मी कीबोर्डच्या पट्ट्यांकडं बघत राहिले. त्या दोघांना आमचं भान असावं असं वाटत नव्हतं.

"आणि हे गाण्यातलं जागं राहणं? ते कुठलं?" मावशींनी विचारलं.

"शनिवारचं. बाबा पुण्याहून यायचे तेव्हाचं."

"शनिवारी तू झोपलेला असायचास. मी पांघरूण घालायचे तुला."

"नसायचो झोपलेला. पुण्याची शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत जागा असायचो. चौकातून कुणी येतंय का ऐकायचो. ते यायचे बंद झाले तरी."

"अरे, मीही तेच करत होते," मावशी म्हणाल्या. "तू झोपलायस, तुला कळू नये म्हणून हूं की चूं न करता पडून राहायचे."

इमूनं पहिल्यांदा आईकडं बघितलं. दोघांच्या चेहऱ्यांवर एक विचित्र भाव होता. रडू नव्हतं ते. एकाच खोलीत इतकी वर्षं शेजारी पडून दोघांनी दोघांना फसवलं, याचं नवल होतं. आणि मग मावशींना हसू आलं. आधी खांदे हलले, मग आवाज. इमूलाही हसू फुटलं. आम्हाला हसावं की नाही कळेना.

"चहा गार होतोय," झुबेर शेवटी म्हणाला.

मावशींनी चहा घेतला. जाताना इमूच्या हातात किल्ली ठेवली. त्यांची ड्यूटी अचानक बदलली होती, म्हणून तर त्या आल्या होत्या. जिना उतरताना थांबून म्हणाल्या, "पुण्याला तू गा. आणि घरीही गा. मला कळतं आता कोण गातंय ते."

त्यानंतरच्या आठवड्यात इमू बदलला. मी एकदा त्यांच्या क्वार्टरवर सूर लिहून द्यायला गेले, तर गेटपासूनच गाणं ऐकू येत होतं. आत बघितलं, हा कांदा चिरतोय आणि मोठमोठ्यानं चर्चमधलं भजन म्हणतोय, मावशी भाकरी थापताना ओळ चुकली की सांगतायत. शेजारची एक बाई खिडकीतून ओरडली, "लिडिया, रेडिओ जरा बारीक कर गं!" आणि मावशी अभिमानानं म्हणाल्या, "रेडिओ नाही, पोरगा आहे!"

माळ्यावर इमूनं अभिरामला सांगितलं, "मी गातो." अभिरामनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास. सुटलो." पण त्या दिवशी तो लवकर गेला. मी त्याच्याबरोबर चौकापर्यंत चालत गेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." थोडं चालून तो थांबला. "मी त्याला गा म्हणालो तेव्हा सोपं होतं गं. तो घेणार नव्हता." तो हसला, पण नीट हसू आलं नाही. "एकच गाणं राहणार आहे आपलं. आणि त्यात मी नसणार. मागं 'आ' करायला उभा राहीन."

"मग सांग त्याला."

"वेडी आहेस का?" अभिराम म्हणाला. "त्याच्या आईला बघितलंस तू. आता मी सांगू?"

पुण्याला आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. मावशी रात्रपाळी करून थेट स्टँडवर आल्या होत्या, त्याच पांढऱ्या साडीत. वाटेत त्यांनी सगळ्यांना उकडलेली अंडी आणि चटणी-भाकरी खायला घातली. अभिराम खिडकीशी बसून बाहेर बघत होता. इमू त्याच्या शेजारी बसून, आमच्या सगळ्या प्रवासांत पहिल्यांदाच, बडबड करत होता.

स्टुडिओ एका बंगल्याच्या मागच्या खोल्यांत होता. आमची वाद्यं आधी भरून झाली. मग इमू काचेपलीकडच्या खोलीत गेला, कानांवर हेडफोन चढवले आणि गायला. आम्ही अलीकडं रेकॉर्डिस्टच्या मागं उभे होतो, मावशी बाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्चीवर. दार उघडंच होतं.

इमू छान गायला. मी मुद्दाम हा शब्द वापरते. सूर हलला नाही. खरखर कमी झाली होती, रोज गाऊन गळा मोकळा झाला होता. रेकॉर्डिस्टनं अंगठा दाखवला. पण झुबेरनं माझ्याकडं बघितलं आणि मी झुबेरकडं. जे ऐकून अब्बांनी चष्मा पुसला होता, ते यात कुठं नव्हतं. कांदा चिरताना म्हणावं तसं हे गाणं होतं. सुखी.

"आणखी एकदा घेतो," इमू काचेपलीकडून म्हणाला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तो मध्येच थांबला. त्यानं हेडफोन काढले, बाहेर आला. तो वैतागलेला असेल असं मला वाटलं होतं, पण त्याला हसू आवरत नव्हतं.

"नाही होत," तो म्हणाला. "अभ्या, तू गा."

"मला उपकार नको," अभिराम म्हणाला.

"उपकार कसले रे? तूच ऐकलंस ना आत्ता? खरं सांग, कसं होतं?"

अभिरामनं काचेकडं बघितलं. "चांगलं होतं. पण ते गाणं नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. तो जागा राहणारा पोरगा आता सापडतच नाही मला. शोधतोय, तर झोपलाय तो. ढाराढूर."

"मग मी कुठून आणू?"

"ते मला काय माहीत?" इमू म्हणाला. "पण आठवडाभर तू कशाची तरी वाट बघतोयस, आणि ते कुणाला कळू नये म्हणून गप्प आहेस. मला दिसत नाही होय? मी त्यातच मोठा झालोय."

अभिराम लाल झाला. मला वाटलं चिडेल. तो इमूच्या हातातले हेडफोन घेऊन आत गेला.

तो छाती पुढं काढून उभा राहिला नाही. माईकच्या जवळ, मान थोडी खाली. पहिलं कडवं त्यानं जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. पालुपदाला आला. आजवर तो 'जागा' या शब्दावरून सरळ वर चढून जायचा. या वेळी त्या शब्दाआधी त्याचा श्वास कमी पडला, क्षणभर पोकळी राहिली, आणि मग तो शब्द आला, अगदी बारीक. अंधारात, कुणी ऐकलं तर ऐकलं, अशा बेतानं म्हटलेला. इमूनं माझं मनगट धरलं. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही.

रेकॉर्डिस्ट मागं वळला. "तिथं श्वास तुटलाय. परत घेऊ या का?"

"नको," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

कॅसेटवर आहे ते तेच. लोक म्हणतात इमूनं गायला हवं होतं, आणि माळ्यावरची ती टेप ऐकली की मलाही कधीकधी तसं वाटतं. पण त्या दिवशी पुण्यात ते गाणं गाऊ शकेल असा माणूस आमच्यात एकच होता, आणि तो काचेपलीकडं उभा होता.

अभिराम घामानं भिजून बाहेर आला. "कसं झालं?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

इमूनं ओठांवर बोट ठेवलं आणि पॅसेजकडं खूण केली. मावशी खुर्चीत झोपल्या होत्या. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, एका पायातली चप्पल सुटलेली. गाणं सुरू असतानाच कधीतरी त्यांना झोप लागली होती, आणि आता वाद्यं उचलली, दारं वाजली, तरी त्या हलल्या नाहीत.

आमची एसटी अर्ध्या तासात होती. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आम्ही चौघं पॅसेजमध्ये फरशीवर भिंतीला टेकून बसलो, आणि त्यांची झोप होईपर्यंत तसेच बसून राहिलो.